विमान पोरानं केलंय, तपासायचं कुणी?

नाणे मावळातल्या, कामशेतच्या आणि खास करून आमच्या वडिवळे पंचक्रोशीतल्या मंडळींसाठी ही पोस्ट आहे. लांब आहे, आधीच सांगतो. ज्यांना तो पंधरा सेकंदांचा व्हिडिओ दहा ग्रुपवर टाकायला वेळ मिळाला, त्यांनी एवढं वाचायलाही काढावा.

व्हिडिओ बहुतेकांनी पाहिलाय. पत्र्याच्या शेडसमोर एका सीटचं विमान, मागं लाकडी पंखा गरगरतोय, धुरळा उडतोय, कोणीतरी शिट्ट्या मारतंय. खाली लिहिलंय, ‘मावळच्या मावळ्याने बनवले विमान, मराठी असाल तर शेअर करा’. शेअर झालं. आणि मग त्या पोराच्या घरी माणसांची रीघ लागली. पहिले आले शाल-नारळवाले. फोटो काढले, ‘दिवाळीनंतर भात निघालं की साहेबांच्या हस्ते उड्डाण करू, फ्लेक्सचं आम्ही बघतो’ म्हणाले. त्यांच्या पाठोपाठ एक सरकारी गृहस्थ आले. परवानगी कुठाय, कुणी दिली, गुन्हा दाखल होईल, एवढं बोलून चहा घेऊन गेले. तिसरे मोबाइल स्टँडवाले. ‘भावा, फक्त दहा फूट उचल, बाकी आम्ही एडिट करतो.’

‘जरा चौकट दाखव, वेल्ड बघू दे’ असं म्हणणारा एकही माणूस त्या अंगणात आला नाही. माझं भांडण त्या न आलेल्या माणसासाठी आहे.

पोराचं नाव मी लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनी कमेंटमध्येही लिहू नये, त्याच्या आईला झोप नाही सध्या.

मी स्वतः जाऊन दोन तास बघून आलो. एमआयडीसीत मेंटेनन्सला बावीस वर्षं काढलीत. विमानातलं मला कळत नाही, पण नट-बोल्ट, बेअरिंग आणि वेल्ड यांच्याशी रोजची गाठ आहे. त्यानं घेतलेला नकाशा परदेशातला, ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा आणि कापडाचे पंख असलेल्या एकट्याच्या विमानाचा. नकाशा चांगला आहे. अडचण अशी की नकाशातलं विमान आणि शेडमधलं विमान ही आता दोन वेगळी विमानं झालीयेत. नकाशात सांगितलेल्या दर्जाची नळी चिंचवडला किरकोळीत कोणी देईना, पूर्ण लॉट घ्या म्हणाले. म्हणून पुढच्या चौकटीला फर्निचरवाल्याकडचा चौकोनी लोखंडी पाइप लागला. हलकं टू-स्ट्रोक इंजिन परवडेना, म्हणून मोटरसायकलचं फोर-स्ट्रोक इंजिन आलं, गिअरबॉक्ससकट. ते जड. जड इंजिन पाठीमागं, म्हणून तोल मागं गेला. तोल मागं गेला म्हणून सीट पुढं सरकवली. सीट पुढं आली म्हणून दांड्याला नवा वाक दिला, आणि दांडा वाकला म्हणून शेपटीच्या तारेचा मार्ग बदलला. एक बदल दुसऱ्याला बोलावून आणतो, आणि प्रत्येक बदलाच्या वेळी पोराकडे कारण होतं, तेही पटण्यासारखं.

जुन्या माणसांना हे चटकन कळेल. बैलगाडीत माल मागं जास्त भरला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं. माल पुढं जास्त झाला तर बैल दबतात, पण गाडी चालते. विमानाचंही असंच आहे. नाक जड असेल तर ते उठायला त्रास देतं, उतरायला त्रास देतं, पण पायलटला काहीतरी कळायला वेळ देतं. शेपूट जड असेल तर नाक आपोआप वर जातं, वेग पडतो, पंखांची पकड सुटते आणि मग नाक खाली आणायचं म्हटलं तरी येत नाही. उलाळ गाडी थांबवून दोन पोती पुढं ओढता येतात. शंभर फुटांवर काय ओढणार?

कंट्रोलच्या तारेला लावलेले क्लॅम्प मी बघितले. दोन ठिकाणी नायलॉक नट होते, तिसरीकडे साधा. चौथीकडे स्प्लिट पिन हवी तिथं तार पिळलेली. मी विचारलं, हे वेगवेगळं का रे? तो म्हणाला, “काका, तेच तर कुणाला विचारायचं ते कळत नाही. व्हिडिओत एक जण असं करतो, दुसरा तसं.”

हे वाक्य मला डोक्यातून काढता येईना, म्हणून लिहायला बसलो.

ऑगस्ट २०२१ आठवतोय का कुणाला? यवतमाळ जिल्ह्यात फुलसावंगी नावाचं गाव आहे. तिथला चोवीस वर्षांचा तरुण, आठवीपर्यंत शिकलेला, पत्र्याची आणि वेल्डिंगची कामं करणारा. त्यानं घरी हेलिकॉप्टर केलं होतं. पंधरा ऑगस्टला गावाला दाखवायचं होतं. त्याच्या चार दिवस आधी रात्री चाचणी घेताना मागचा पंखा तुटला, तो वरच्या मोठ्या पंख्यावर आदळला आणि मोठा पंखा त्याच्या डोक्याला लागला. तो गेला. गेल्यावर आपण त्याला रँचो म्हणालो, बातम्या केल्या, श्रद्धांजलीचे फोटो फिरवले. तो जिवंत असताना त्याच्या मागच्या पंख्याचा जोड बघायला कोण गेलं होतं? त्याच जिल्ह्यात यवतमाळला सरकारी धावपट्टी आहे. त्याला कोणी सांगितलं नसेल की बाबा, पंखा फिरवायची पहिली चाचणी जाळीच्या मागं उभं राहून, लांबून दोरीनं ॲक्सिलरेटर ओढून घ्यायची असते. हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. आमच्या कंपनीत नवीन ग्राइंडिंग व्हीलसुद्धा आधी बाजूला उभं राहून रिकामं फिरवून बघतात.

आता हे वाचून काही जण म्हणतील, म्हणूनच बंदी हवी. थांबा, त्याच्याकडे येतो.

पण आधी दुसऱ्या टोकाची गोष्ट. कॅप्टन अमोल यादव हे नाव तुम्हाला माहीत आहे. जेट एअरवेजचे वैमानिक, कांदिवलीच्या चारकोपला राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. गच्चीवर! हा माणूस अशिक्षित नव्हता, हौशी नव्हता, रोज शेकडो प्रवाशांना घेऊन उडत होता. १९९८ पासून त्याचे प्रयत्न चालू होते, हे तिसरं विमान. २०११ मध्ये नोंदणीसाठी अर्ज केला. मधल्या काळात नियमच बदलला आणि एकट्यादुकट्या माणसाची वाट आणखी अरुंद झाली. फेब्रुवारी २०१६ ला ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात बांद्रा-कुर्ला संकुलात विमान लोकांसमोर ठेवलं, गर्दी उसळली, तेव्हा कुठं सरकार जागं झालं. मुख्यमंत्र्यांनी लक्ष घातलं, पंतप्रधानांपर्यंत विषय गेला. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ ला. नोंदणीचं अक्षर व्हीटी-एनएमडी, म्हणजे नरेंद्र मोदी देवेंद्र. उडवायची परवानगी ऑक्टोबर २०१९ ला. तोपर्यंत ज्या जेट एअरवेजमध्ये ते उडत, ती कंपनीच त्या एप्रिलमध्ये बंद पडली होती. चाचणीची उड्डाणं झाली २०२० मध्ये, धुळ्याच्या धावपट्टीवर.

२०११ ते २०१९. अर्ज केला तेव्हा पहिलीत असलेलं पोर परवानगी आली तेव्हा नववीत गेलेलं असणार. आणि मी हे सरकारी टेबलांवर राग काढायला लिहीत नाही. मला त्या कथेतला वेगळाच भाग खुपतो. दारं उघडली ती मुख्यमंत्री आणि पंतप्रधानांनी हात घातल्यावर. मग विमानाच्या अंगावर त्यांची आद्याक्षरं आली. फेब्रुवारी २०१८ ला त्याच माणसाच्या कंपनीशी राज्य सरकारनं ३५ हजार कोटींचा सामंजस्य करार केला, पालघर जिल्ह्यात विमानांचा कारखाना म्हणून! ज्या माणसाला तोवर उडवायची परवानगी नव्हती त्याच्यासोबत ३५ हजार कोटी. आपली पद्धत बघा. एक तर काहीच नाही, नाहीतर एकदम आकाश. मधली पायरी, म्हणजे साधा तपासनीस, साधी शेड, वजनकाटा, सही करायला एक जबाबदार माणूस, ती कुणालाच बांधायची नाही कारण तिच्यावर फ्लेक्स लागत नाही.

अमोल यादवांना पंतप्रधान भेटले. वडिवळ्याच्या पोराला कोण भेटणार? त्याचा अर्ज तर तलाठ्याच्या पुढं सरकणार नाही.

व्हिडिओखाली तळपदे आलेच. येणारच होते. ‘राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी १८९५ ला शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवले, इंग्रजांनी दडपले.’ तळपदे खरे होते, धडपडे होते, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण ते विमान उडाल्याचा त्या काळचा भरवशाचा पुरावा नाही. ज्या वैमानिकशास्त्राचा सगळे दाखला देतात, त्याचा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी १९७४ मध्ये रीतसर अभ्यास केला. ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा निघाला आणि त्यात वर्णन केलेली विमानं उडण्याजोगी नाहीत असं त्यांनी आकडेमोड करून लिहिलं. हे होऊन चाळीस वर्षं झाल्यावर, जानेवारी २०१५ मध्ये, मुंबईत भारतीय विज्ञान काँग्रेसच्या व्यासपीठावर पुन्हा प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला. टाळ्या पडल्या. त्याच मुंबईत, त्याच दिवसांत, चारकोपच्या गच्चीवर एक खरं विमान कागदाची वाट बघत उभं होतं. त्या व्यासपीठावर अमोल यादवांना बोलावलं असतं तर? नाही सुचलं कुणाला. सात हजार वर्षांपूर्वीच्या विमानाला नोंदणी लागत नाही, तपासणी लागत नाही, पेट्रोल पण लागत नाही.

तेव्हा तळपदे कृपया पुन्हा टाकू नका. त्याऐवजी पोराला सहा नायलॉक नट आणून द्या.

आता बंदीवाल्यांकडे. त्यांचा मुद्दा खरा आहे, मी तो हसण्यावारी नेत नाही. घरी बांधलेलं विमान धोक्याचं असतं, आणि बांधून झाल्यावर फेरफार केलेलं तर जास्तच. अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियाच्या मोंटेरे उपसागरात पडून गेला, ते विमान होतं लाँग-ईझेड. बर्ट रुटान या डिझायनरचा नामांकित नकाशा. आपल्याकडे बंगळुरूच्या एनएएलनेही १९८० च्या दशकात त्याच नकाशावरून एक विमान बांधून उडवलं होतं. नकाशात पेट्रोलची टाकी बदलायचा कॉक पायलटच्या समोर, दोन पायांमध्ये. पण डेन्व्हरचं विमान ज्यानं बांधलं होतं त्यानं पेट्रोलच्या नळ्या बसायच्या जागेत नकोत म्हणून तो कॉक पायलटच्या डाव्या खांद्याच्या मागं नेला. त्याचंही कारण पटण्यासारखंच होतं. डेन्व्हरनं ते विमान वापरलेलं विकत घेतलं. उडायच्या आधी कॉकपर्यंत हात पोचत नाही हे लक्षात आलं, मेकॅनिकनं त्याला पकड लावून दांडा लांब करून बघितला, जमलं नाही. पेट्रोल कमी होतं. तरी उडाला. मागं वळून कॉक फिरवताना विमानाचा ताबा गेला, असा निष्कर्ष तिथल्या तपास मंडळानं काढला. एवढासा कॉक, हातभर सरकवलेला.

म्हणजे आमच्या पोरानं केलेल्या पाच बदलांपैकी एकही बदल किरकोळ नाही, हे मान्य.

पण डेन्व्हर पडल्यावर अमेरिकेनं काय केलं? घरी विमान बांधायला बंदी घातली नाही. तिथे हौशी लोकांची संघटना १९५३ पासून आहे, पॉल पोबेरेझ्नी नावाच्या माणसानं मिलवॉकीला सुरू केलेली. आज तिथं घरी बांधलेली तीस हजारांच्या वर विमानं नोंदलेली आहेत. नियम साधा. विमानाचा अर्ध्याहून जास्त भाग तुम्ही स्वतः, शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी बांधला पाहिजे. बांधताना प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि वही ठेवायची. संघटनेचे अनुभवी सभासद गॅरेजमध्ये येऊन फुकट बघून जातात, कापड चढवायच्या आधी, कारण कापड चढलं की वेल्ड दिसत नाही. मग सरकारचा किंवा सरकारनं नेमलेला माणूस तपासतो. विमानावर मोठ्या अक्षरांत ‘प्रायोगिक’ असं लिहावं लागतं, म्हणजे बसणाऱ्याला कळावं. आणि पहिले २५ ते ४० तास ठरवून दिलेल्या मोकळ्या भागातच उडायचं, प्रवासी घ्यायचा नाही. त्याहून लहान विमानांसाठी १९८२ पासून वेगळाच नियम आहे. एकच सीट, रिकामं वजन ११५ किलोच्या आत, पेट्रोल १९ लिटरपर्यंत, वेगाला मर्यादा, दिवसाच उडायचं, वस्तीवरून जायचं नाही. एवढं पाळलं तर नोंदणी नको, लायसन्स नको. मेलं तर आपलं आपण, दुसऱ्याच्या कौलावर पडायचं नाही.

अमेरिकेत होतं म्हणून इथं करा, असं म्हणणारा मी नाही. तिथली मैलोन्मैल मोकळी राने आपल्याकडे कुठं. पण तिथल्या नियमाचा क्रम बघा. आधी लहान, हलकं, एकट्याचं, रिकाम्या जागेवर. मग मोठं. आणि प्रत्येक पायरीवर कुणीतरी डोळ्यांनी बघणारा.

आपल्या सरकारला असं जमत नाही असंही नाही. फुलसावंगीचा तो तरुण ज्या ऑगस्टमध्ये गेला, त्याच ऑगस्टच्या २५ तारखेला केंद्रानं ड्रोनचे नवे नियम आणले. फॉर्म २५ होते, ते ५ केले. शुल्काचे प्रकार ७२ होते, ते ४ केले. वजनाप्रमाणे वर्ग पाडले, लहान ड्रोनला हौसेसाठी लायसन्सची गरज ठेवली नाही, नकाशावर हिरवा-पिवळा-लाल भाग आखून दिला. आज लोणावळ्याच्या लग्नात ड्रोन नसेल तर वरपक्ष रुसतो. म्हणजे मनावर घेतलं तर होतं. १९३४ चा जुना विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला, त्यात विमानाच्या डिझाइनचाही विचार आहे. कायदा नवा, मग त्याच्या खाली हलक्या, एका सीटच्या, घरी बांधलेल्या विमानासाठी ड्रोनसारखी सुटसुटीत, चार पानांची, मराठीत वाचता येणारी नियमावली का नको? हे आपल्या खासदारांनी विचारायचं आहे. मी त्यांना टॅग केलंय.

‘विमान ही श्रीमंतांची चैन, इथं पोरांना नोकऱ्या नाहीत’ असंही एका दादांनी लिहिलंय. दादा, नोकरीचंच बोलू. जनरल मोटर्सनं तळेगावचा कारखाना डिसेंबर २०२० मध्ये बंद केला. किती घरांवर काय आलं ते तुम्हाला मी सांगायला नको. नंतर ह्युंदाईनं तो घेतला, ठीक आहे. पण लेथ, मिलिंग, वेल्डिंग, फायबर, वायरिंग जाणणारे जेवढे हात तळेगाव ते लोणावळा या पट्ट्यात आहेत तेवढे फार थोड्या तालुक्यांत असतील. ते सगळे दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर, दुसऱ्याच्या शिफ्टमध्ये काम करतात. एक पोरगा स्वतःच्या ड्रॉइंगवर काहीतरी करतोय. त्याला हलकं विमान विकायचं नाहीये, पण त्या शेडमध्ये तो वजन, तोल, ताण, पकड जे शिकलाय ते आयटीआयच्या दोन वर्षांत मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि श्रीमंतांची चैन म्हणाल तर श्रीमंतांची सोय झालेलीच आहे. पलीकडे ॲम्बी व्हॅलीत धावपट्टी आहे.

धावपट्टीचा शब्द निघाला की माझ्याच गावातले लोक बिचकतात, आणि ते बरोबर आहेत. मावळात ‘प्रकल्प’ म्हटलं की माणूस आधी सातबारा काढून बघतो. धरणं झाली, एक्स्प्रेसवे झाला. ९ ऑगस्ट २०११ ला पवनेच्या बंद जलवाहिनीच्या आंदोलनात बऊरला गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. ते विसरून मी ‘विमान प्रशिक्षण केंद्रासाठी जमीन द्या’ असं लिहीन असं कुणाला वाटत असेल तर त्यानं मला ओळखलं नाही. एक गुंठाही नको. धुळ्याला, कऱ्हाडला धावपट्ट्या आहेत. हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे, पुण्यातल्या पोरांच्या कित्येक पिढ्या तिथं ग्लायडर शिकल्या. महिन्यातून एक रविवार, ठरलेल्या वेळेत, घरी बांधलेलं हलकं विमान ट्रॉलीवर घालून तिथं न्यायला आणि जमिनीवर पळवून बघायला परवानगी द्या. फक्त पळवायला. उडवायचं नंतर बघू.

कारण इथं वडिवळ्यात ते उडवायचं नाहीच. हे मी पोरालाही स्पष्ट सांगितलंय. भात निघाल्यावर खाचरं सपाट दिसतात, पण बांधावर चाक आपटलं की संपलं. आपल्याकडे टाटांच्या वीजकेंद्रांच्या उच्चदाबाच्या तारा कुठून कुठं गेल्यात ते बघा, तिन्हीसांजेला त्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. पश्चिमेचा वारा घाटावर चढतो तेव्हा डोंगराच्या एका बाजूला उचलतो आणि पाठीमागं गोल फिरून खाली आपटतो. शिवाय लोहगाव हवाई दलाचं, तिकडं नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय, लोणावळ्याला नौदलाची आयएनएस शिवाजी. आपल्या डोक्यावरचं आकाश रिकामं दिसतं, पण ते कुणाच्या तरी पडद्यावर असतं.

आणि हे सगळं शिकवणारी माणसं कुठं शोधायची? कामशेतला. पंचवीस वर्षांहून जास्त काळ देशभरातून लोक आपल्याकडे पॅराग्लायडिंग शिकायला येतात. टॉवर हिलवर पहिल्याच दिवशी कुणाला उडी मारू देत नाहीत. आधी सपाटीवर छत्री उभी करायला शिकवतात, वारा ओळखायला शिकवतात, मग छोट्या टेकडीवरून, कानात रेडिओ देऊन. वारा वाढला की शिकवणारा ‘आज नाही’ म्हणतो आणि मुंबईहून पैसे भरून आलेला साहेब गप छत्री गुंडाळतो. आपली पोरं तिथं आधी बॅगा उचलायला गेली, आज त्यातली काही जण शिकवतात. आकाशात पायरीपायरीनं जायचं असतं हे मावळाला कळतं. राज्यानं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं त्यात हवेतले खेळ धरले आहेत, म्हणजे उडणाऱ्या पर्यटकाचा विचार झाला. बांधणाऱ्या पोराचा राहिला.

शाल-नारळवाल्यांना माझं जाहीर सांगणं आहे. दिवाळीनंतरचं ते उड्डाण रद्द करा. साहेबांची तारीख घेतली असेल तर परत करा. हजार माणसं मोबाइल उभे करून बसली की ‘आज नाही’ म्हणायची ताकद त्या पोरात राहणार नाही. तो एकवीस वर्षांचा आहे. तुमची गर्दीच त्याला मारेल. आणि यूट्यूबवाल्या भावांनो, ते ‘फक्त दहा फूट’ म्हणजे काय ते सांगतो. दहा फुटांवर शेपूट जड निघाली तर सावरायला उंचीच नसते.

गुन्हा दाखल करतो म्हणणाऱ्या साहेबांनाही एवढंच, की नियम मोडून उडालं तर जरूर करा, मी साक्षीला येतो. पण शेडमध्ये बसून नळ्या जोडणं हा गुन्हा नाही. तुमच्या धाकानं तो बांधायचा थांबणार नाही, फक्त दाखवायचा थांबेल. फुलसावंगीची ती चाचणी रात्रीची होती हे लक्षात ठेवा.

पोरानं आणि त्याच्या वडिलांनी एक गोष्ट मान्य केलीय. लाकडी पंखा काढून माझ्या माळ्यावर ठेवलाय. जोपर्यंत तीन जाणकार माणसं सांगाडा बघून वहीत लिहून सही करत नाहीत तोपर्यंत तो खाली येणार नाही. त्या सहीला कायद्यात किंमत नाही, मला माहीत आहे. पण चौथ्या जोडावर स्प्लिट पिन नाही हे कुणीतरी लिहून ठेवेल.

तर माणसं हवी आहेत. हवाई दलातून किंवा नौदलातून निवृत्त झालेले, विमानांच्या देखभालीचं काम केलेले, लोणावळा, तळेगाव, देहूरोड भागात राहणारे कुणी असतील तर इनबॉक्स करा. वेल्डिंग इन्स्पेक्शनचं सर्टिफिकेट असलेला एक जण हवा, क्रॅक बघायची लाल-पांढरी स्प्रे किट माझ्याकडे आहे. कामशेतच्या पॅराग्लायडिंगवाल्यांपैकी एकानं वाऱ्याचं बोलायला यावं. पुढची चौकट परत करायची ठरली तर योग्य दर्जाची ॲल्युमिनियमची नळी साधारण सोळा मीटर लागेल. भोसरीत कुणाच्या कारखान्यात उरलेले तुकडे असतील तर विकत घेऊ, फुकट नको.

आणि या रविवारी सकाळी त्याचं वजन करायचंय. तिन्ही चाकांखाली तीन काटे एकाच वेळी लागतात, तेव्हाच तोल नक्की कुठं आहे ते कळतं. एक काटा माझ्याकडे आहे. भात मोजायचे दीडशे किलोचे आणखी दोन, चालू स्थितीतले, कुणाकडे असतील तर शनिवारी संध्याकाळपर्यंत शेडवर आणून द्या. संध्याकाळी परत पोचवतो.